हर्षलची कडी आणि हैदराबादचे वेणू बाप्पू

पंचांगाची पाने चाळताना कधी तरी ‘पिधान’ हा शब्द डोळ्यांखालून जातो. चंद्राने रोहिणीचे पिधान, चंद्राने मघेचे पिधान. लग्नाचे मुहूर्त शोधणाऱ्याचे तिकडे लक्ष जात नाही आणि आकाश बघणारा माणूस पंचांग फारसे उघडत नाही, त्यामुळे हा सुंदर शब्द दोघांच्याही हातून निसटतो. अर्थ अगदी सोपा आहे. पिधान म्हणजे झाकणे. आकाशातली जवळची वस्तू चालता चालता दूरच्या ताऱ्यासमोर येते आणि थोडा वेळ तो तारा आपल्याला दिसेनासा होतो. चंद्र रोहिणीसमोर येतो तेव्हा तारा हळूहळू मंदावत नाही, दिव्याचे बटण दाबावे तसा पटकन विझतो. चंद्राला वातावरण नाही, त्याची कडा धारदार आहे, हे या एका क्षणात कळते. हेच पिधान एखाद्या दूरच्या ग्रहाने किंवा उपग्रहाने केले, तर त्या ग्रहाभोवती काय काय दडले आहे ते विझणाऱ्या ताऱ्याच्या उजेडात उघडे पडते.

या विद्येच्या इतिहासात भारताचे नाव दोनदा ठळकपणे येते, १९७२ मध्ये आणि १९७७ मध्ये. दोन्ही वेळा ते तमिळनाडूतल्या जवादी डोंगरातल्या कावलूर नावाच्या आडगावामुळे आले. आणि कावलूर उभे राहिले ते मनाली कल्लाट वेणू बाप्पू या माणसामुळे. आपल्या मराठवाड्यात हे नाव फारसे घेतले जात नाही. खरे तर त्यांच्यावर आपलाही थोडा हक्क पोहोचतो.

बाप्पूंचे घराणे केरळातल्या कण्णूरकडचे. जन्म १० ऑगस्ट १९२७ रोजी मद्रासला झाला. पण वाढले ते हैदराबादेत, कारण वडील तिथल्या निजामिया वेधशाळेत नोकरीला होते. ही वेधशाळा १९०१ मध्ये नवाब जफर जंग या हौशी सरदाराने स्वतःच्या पैशाने उभी केली. इंग्लंडहून १५ इंची दुर्बीण आणली. नवाब वारल्यावर १९०८ मध्ये निजाम सरकारने ती ताब्यात घेतली, पुढे ती बेगमपेठेत गेली आणि उस्मानिया विद्यापीठाच्या छत्राखाली आली. त्या वेळी नांदेड हा निजामाच्या राज्यातला जिल्हा होता आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातले गाव. आपल्याकडची कॉलेजे १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत उस्मानियालाच जोडलेली होती, नांदेडचे १९५० सालचे पीपल्स कॉलेजही त्यात आले. तेव्हा निजामिया ही एका अर्थाने आपल्याच विद्यापीठाची वेधशाळा होती. गोदावरीकाठच्या किती विद्यार्थ्यांनी ती आतून पाहिली असेल, हा प्रश्न वेगळा.

निजामियात चालणारे काम अत्यंत कंटाळवाणे होते. जगभरातल्या वेधशाळांनी आकाश आपसात वाटून घेतले होते, प्रत्येकीने आपल्या वाट्याच्या पट्ट्याची छायाचित्रे घ्यायची आणि काचेवरच्या प्रत्येक ठिपक्याची जागा मोजून वहीत लिहायची. हैदराबादच्या वाट्याला आलेल्या पट्ट्यांतल्या लाखो ताऱ्यांच्या जागा तिथल्या माणसांनी वर्षानुवर्षे मोजल्या. तलाठ्याने सातबारा लिहावा तसे हे आकाशाचे दप्तर. या कामात वाहवा नाही, वर्तमानपत्रात नाव नाही. पण कोणता तारा नेमका कुठे आहे हे ठाऊक नसेल तर कोणता ग्रह त्याच्यासमोर कधी येणार हे सांगता येत नाही. पिधानाचे सारे गणित या दप्तरावर उभे असते. मुलगा वेणू अशा घरात वाढला. वडिलांबरोबर दुर्बिणीपाशी बसता बसता त्याला तारे वाचता येऊ लागले आणि निजाम कॉलेजात शिकत असतानाच, विशीच्या आत, रूपविकारी ताऱ्यांवरची त्याची निरीक्षणे शास्त्रीय नियतकालिकांत छापून येऊ लागली.

मग १९४८ उजाडले. रझाकारांचे दिवस, सरहद्दीवरचे कॅम्प, १७ सप्टेंबरला झालेली मुक्ती, हे सारे आपल्या घराघरांत सांगितले जाते. त्या धामधुमीतून सावरणाऱ्या हैदराबाद सरकारने पुढच्याच वर्षी या एकवीस वर्षांच्या मुलाला शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात खगोलशास्त्र शिकायला पाठवले. ही शिष्यवृत्ती ज्या तिजोरीतून निघाली तिच्यात नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबादच्या शेतकऱ्यांचा शेतसाराही जमा होत होता. हक्क म्हटले ते यासाठी.

हार्वर्डला पोहोचून काही महिने होतात न होतात तोच २ जुलै १९४९ रोजी एका छायाचित्राच्या काचेवर त्यांना एक अनोळखी पुसट रेघ दिसली. तो धूमकेतू निघाला. सोबतचे प्राध्यापक बार्ट बोक आणि सहाध्यायी गॉर्डन न्यूकर्क यांच्यासह त्या धूमकेतूला बाप्पू-बोक-न्यूकर्क हे नाव मिळाले आणि बाप्पूंना पॅसिफिक खगोल संस्थेचे डोनहो पदक. १९५२ मध्ये डॉक्टरेट झाली. नंतर कॅलिफोर्नियात, त्या काळी जगातली सर्वांत मोठी दुर्बीण असलेल्या पालोमारच्या वेधशाळेत काम करायची संधी मिळाली. तिथे ओलिन विल्सन यांच्याबरोबर त्यांनी ताऱ्यांच्या वर्णपटातल्या कॅल्शियमच्या एका रेषेचा अभ्यास केला. त्या रेषेच्या मधोमध एक उजळ पट्टी असते. ती जितकी रुंद तितका तारा मुळात जास्त तेजस्वी, असा तो संबंध. मुळातले तेज कळले की तारा किती लांब आहे हेही काढता येते. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेला हा शोध आजही विल्सन-बाप्पू परिणाम म्हणून पाठ्यपुस्तकांत आहे.

एवढे नाव झालेला माणूस अमेरिकेत आरामात स्थिरावला असता. बाप्पू १९५३ मध्ये परत आले. परत येऊन करायचे काय, हा प्रश्न होता, कारण ताऱ्यांचा आधुनिक अभ्यास करता येईल अशी दुर्बीण देशात जवळजवळ नव्हतीच. गंमत पाहा, त्यातल्या त्यात मोठी म्हणावी अशी २० इंची दुर्बीण आपल्या पुण्याची होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून सायन्स कॉलेजात वेधशाळा झाली, कावसजी नेगामवाला यांनी ती चालवली, आणि ते निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये ती बंद करून दुर्बीण कोडाईकनालला धाडण्यात आली. महाराष्ट्रातली ही मोठी संधी अशी डब्यात भरून दक्षिणेला गेली, याची हळहळ कुणाला वाटल्याचे वाचनात नाही.

बाप्पूंनी तक्रार करीत बसण्यापेक्षा जे मिळेल तिथून सुरुवात केली. उत्तर प्रदेश सरकारने १९५४ मध्ये बनारसला वेधशाळा काढली, तिचे ते मुख्य खगोलशास्त्रज्ञ झाले. बनारसच्या धुळकट हवेत तारे दिसायचे नाहीत हे त्यांनी ओळखले, हिमालयाच्या पायथ्याशी जागा शोधली आणि वेधशाळा नैनितालला हलवली. १९६० मध्ये, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, ते कोडाईकनालच्या सौर वेधशाळेचे संचालक झाले. तिथे सूर्याचे काम उत्तम चालले होते, पण रात्रीच्या आकाशासाठी ती जागा चांगली नव्हती. पुन्हा शोध सुरू झाला. दिवे नकोत, धूर नको, ढग कमी हवेत आणि शक्य तितके दक्षिणेला हवे, म्हणजे उत्तरेकडच्या देशांना न दिसणारे दक्षिण आकाशही दिसेल. जवादी डोंगरात, चंदनाच्या झाडांचा प्रदेश, सव्वासातशे मीटर उंची, तिथे कावलूर सापडले. १९६८ मध्ये तिथली पहिली दुर्बीण बसली. ३८ सेंटिमीटरची, आपल्याच कार्यशाळेत बनवलेली. बाप्पूंचा आग्रहच असे की आरसा घासण्यापासून विद्युत मंडळांपर्यंत सारे शिकून घ्यायचे. १९७१ मध्ये भारतीय खगोलभौतिकी संस्था स्वायत्त झाली आणि १९७२ मध्ये पूर्व जर्मनीतल्या कार्ल झाइस कंपनीची १०२ सेंटिमीटरची दुर्बीण कावलूरला उभी राहिली.

दुर्बीण नवी कोरी होती आणि पिधान दारात आले होते. ७ जून १९७२ च्या रात्री गुरूचा सर्वांत मोठा उपग्रह गॅनिमीड एका मंद ताऱ्यासमोरून जाणार होता. उपग्रहाने तारा झाकण्याचा प्रसंग दुर्मीळ, कारण उपग्रह आकाशात सुईच्या अग्राएवढा दिसतो. ही सावली पृथ्वीच्या ज्या पट्ट्यावरून जाणार होती त्यात इंडोनेशियातले लेंबांग आणि आपले कावलूर होते. युरोप-अमेरिकेच्या थोरामोठ्या दुर्बिणींचा इथे काही उपयोग नव्हता. पिधानात किती मोठी दुर्बीण यापेक्षा कुठली दुर्बीण हे महत्त्वाचे. दोन्ही ठिकाणच्या नोंदींतून गॅनिमीडचा व्यास सव्वापाच हजार किलोमीटरच्या पुढे निघाला, तो पुढे अंतराळयानांनी मोजलेल्या व्यासाच्या अगदी जवळचा ठरला. तारा झटकन न विझता किंचित मंदावत गेला, त्यावरून गॅनिमीडला विरळ वातावरण असावे असेही त्या शास्त्रज्ञांनी मांडले. या दुसऱ्या निष्कर्षाचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. १९७९ मध्ये व्हॉयेजर यानाने पाहिले तेव्हा तितके वातावरण सापडले नाही. नंतर १९९० च्या दशकात हबल दुर्बिणीला तिथे प्राणवायूचा अत्यंत झिरझिरीत थर दिसला, पण तो १९७२ च्या अंदाजापेक्षा कितीतरी विरळ. व्यास बरोबर, वातावरणाचा अंदाज फाजील, असा तो हिशेब आहे.

खरी मोठी रात्र आली ती पाच वर्षांनी.

आपण ज्याला हर्षल म्हणतो तो युरेनस ग्रह विल्यम हर्शलने १३ मार्च १७८१ रोजी शोधला. नावाचा अपभ्रंश होऊन मराठी पत्रिकेत तो कायमचा बसला. ग्रीनिचच्या वेधशाळेतल्या गॉर्डन टेलर यांनी १९७३ मध्येच गणित करून सांगितले होते की १० मार्च १९७७ रोजी हर्षल तूळ राशीतल्या एका नवव्या प्रतीच्या ताऱ्यासमोर येईल. नुसत्या डोळ्यांना तो तारा दिसत नाही. यादीत त्याला नाव नाही, फक्त क्रमांक आहे. हर्षलच्या वातावरणाचा अभ्यास करायला हा प्रसंग चांगला, एवढीच त्यामागची अपेक्षा. त्याच्याभोवती कडी आहे अशी कुणालाही शंका नव्हती. कडी म्हणजे शनीची, हे शाळेतल्या मुलालाही पाठ होते.

अडचण सावलीची होती. हर्षल तेव्हा आपल्यापासून सुमारे २६६ कोटी किलोमीटरवर होता. एवढ्या अंतरावर ताऱ्याच्या जागेत एका विकलेची चूक झाली, तर सावली पृथ्वीवर जवळजवळ पृथ्वीच्या व्यासाइतकी सरकते. विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग. निजामियातल्या कारकुनी कामाची किंमत इथे कळते. नवी मोजमापे आली तसतशी सावली दक्षिणेकडे सरकत गेली आणि ग्रहाचे प्रत्यक्ष पिधान हिंद महासागराच्या दक्षिण भागातूनच दिसेल असे निघाले. अमेरिकेच्या नासा संस्थेकडे दुर्बीण बसवलेले कायपर नावाचे विमान होते. कॉर्नेल विद्यापीठाचे जेम्स एलियट, टेड डनहॅम आणि डग्लस मिंक ते घेऊन ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून समुद्रावर निघाले. कावलूरवरून ग्रहाची सावली जाणार नाही अशी चिन्हे होती. तरी तिथे जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी १०२ सेंटिमीटरची दुर्बीण हर्षलकडे रोखून बसले. नैनितालची माणसेही तयारीत होती.

देशात तेव्हा आणीबाणीनंतरच्या निवडणुकीचा प्रचार शिगेला पोहोचला होता, मतदान पाच-सहा दिवसांवर आले होते. १० मार्चची मध्यरात्र उलटली तेव्हा नांदेड-लातूरच्या चौकांतल्या सभा नुकत्याच संपल्या असतील. कावलूरच्या घुमटाखाली मात्र त्या एका बिननावाच्या ताऱ्याचा उजेड सेकंदासेकंदाला मोजला जात होता.

ग्रह ताऱ्यापाशी पोहोचायला अजून बराच वेळ होता. आणि ताऱ्याचा उजेड एकाएकी खाली गेला, काही सेकंदांनी पुन्हा वर आला. आकाशात ढग नव्हता. दूर समुद्रावर विमानातल्या शास्त्रज्ञांनाही असेच झटके दिसले, ग्रहाने तारा झाकण्याआधी पाच. त्यांचीही पहिली कल्पना अशीच होती की लहान लहान उपग्रह आडवे आले असावेत. पण ग्रहामागून तारा बाहेर पडल्यावर पुन्हा पाच झटके आले आणि नंतर दोन्ही बाजूंचे आलेख शेजारी ठेवले तर अंतरे जुळली. जितक्या अंतरावर अलीकडे, तितक्याच अंतरावर पलीकडे. उपग्रह असे रांगेत दोन्हीकडे सारख्या अंतरावर उभे राहत नाहीत. ती कडी होती. एकात एक पाच, पुढे मोजता मोजता नऊ. बहुतेकांची रुंदी दहा किलोमीटरहूनही कमी. नांदेड शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावे एवढी वस्तू, २६६ कोटी किलोमीटरवर, आणि ती कुणी पाहिली नव्हती. ताऱ्याच्या डोळ्यांची पापणी लवल्यामुळे ती कळली.

कावलूरच्या नोंदीचे काय झाले? भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामी यांनी आपले निरीक्षण ‘नेचर’ या नियतकालिकात त्याच वर्षी प्रसिद्ध केले, आणि त्यात ताऱ्याच्या मंदावण्याचा अर्थ हर्षलचा एक नवा उपग्रह असा लावला. कडी हा अर्थ एलियट यांच्या गटाने सिद्ध केला. शोधाचे श्रेय त्यांना गेले, आणि ते योग्यच झाले असे माझे मत आहे. त्यांच्याकडे दोन्ही बाजूंची स्पष्ट नोंद होती आणि तिचा अर्थ त्यांनी बरोबर वाचला. पण आपल्याकडे या प्रसंगाविषयी दोन टोकांची बोलणी ऐकू येतात. एक, कडी भारतीयांनीच शोधली आणि अमेरिकनांनी लाटली. दुसरे, आपल्याला काही जमलेच नाही. दोन्ही चूक आहेत. कावलूर आणि नैनितालच्या नोंदी स्वतंत्र होत्या आणि हजारो किलोमीटर उत्तरेकडून घेतलेल्या होत्या. समुद्रावरच्या विमानाला जे दिसले ते यंत्राचा बिघाड नव्हे, हे अशा नोंदींनीच पक्के होते. शिवाय प्रत्येक ठिकाणाहून कड्यांचा वेगळा छेद मिळतो, त्यांतून कड्यांचा आकार ठरवता येतो. वर्ष संपण्याआधी भट्टाचार्य आणि स्वतः बाप्पू यांनी ‘नेचर’मध्येच हर्षलभोवतीच्या शनीसारख्या कडीव्यवस्थेवर लेख लिहिला. उपग्रहाचा अर्थ मागे पडला होता आणि तो उगाच धरून ठेवायचा हट्ट त्यांनी केला नाही.

त्या रात्री भारतातून ज्या दोन वेधशाळांनी ही नोंद केली, त्या दोन्हींच्या जागा बाप्पूंनी निवडलेल्या होत्या. एका ठिकाणी ते वीस-बावीस वर्षांपूर्वी आकाश स्वच्छ आहे की नाही हे पाहत फिरले होते, दुसऱ्या ठिकाणी दहा-बारा वर्षांपूर्वी. कडीचा शोध त्यांच्या मनातही नसणार. त्यांना एवढेच ठाऊक होते की आकाशातली घटना कुणासाठी थांबत नाही आणि तिची सावली आपल्या भूमीवर पडेल तेव्हा तिथे चालू स्थितीतली दुर्बीण आणि जागा माणूस असला पाहिजे.

पुढची पाच वर्षे त्यांनी एका मोठ्या दुर्बिणीच्या मागे घालवली. २.३४ मीटरची, सर्वस्वी देशात बनवायची. आरसाही इथेच घासायचा. मानसन्मान येत होते. १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाचे अध्यक्षपद मिळाले, ते भूषवणारे ते पहिले भारतीय. १९८१ मध्ये पद्मभूषण. १६ फेब्रुवारी १९८० चे खग्रास सूर्यग्रहण कर्नाटक-आंध्रातून दिसले तेव्हा संस्थेच्या तुकड्या तिथे ठाण मांडून होत्या. लातूर-नांदेडकडे ते खंडग्रास दिसले, आणि जुन्या लोकांना दारे-खिडक्या लावून घरात बसल्याचेच जास्त आठवते.

ऑगस्ट १९८२ मध्ये खगोल संघाचे अधिवेशन ग्रीसमधल्या पात्रास शहरात भरायचे होते. अध्यक्ष बाप्पू तिथे पोहोचले नाहीत. जर्मनीतल्या म्युनिकमध्ये हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर १९ ऑगस्ट रोजी त्यांचे निधन झाले. वय पंचावन्न. त्याच महिन्यात उस्मानाबादपासून वेगळा होऊन लातूर जिल्हा अस्तित्वात आला होता, त्या गडबडीत आपल्याकडे ही बातमी किती जणांनी वाचली कोण जाणे.

मोठी दुर्बीण त्यांच्यामागे पुरी झाली. ६ जानेवारी १९८६ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांनी कावलूरला तिला वेणू बाप्पूंचे नाव दिले. त्यानंतर अठरा दिवसांनी, २४ जानेवारीला, व्हॉयेजर-२ हे यान हर्षलजवळून गेले आणि ती कडी पहिल्यांदा जवळून छायाचित्रात उतरली. यानाला आणखी दोन सापडली, हबल दुर्बिणीने पुढे त्यांत दोनची भर घातली. आता हर्षलची तेरा कडी मोजली जातात.

पिधानाची विद्या मात्र यानांमुळे मागे पडली नाही. प्लुटोचे वातावरण १९८८ मध्ये याच रीतीने निश्चित झाले आणि ते पाहणारे पुन्हा एलियटच होते, त्याच कायपर विमानातून. शनी आणि हर्षल यांच्या दरम्यान फिरणाऱ्या चारिक्लो नावाच्या अडीचशे किलोमीटरच्या गोळ्याला कडी आहे हे २०१३ च्या पिधानात दिसले. प्लुटोपलीकडच्या क्वावारची कडी २०२३ मध्ये जाहीर झाली. अशा लहान वस्तूंची सावलीही लहान असते. शंभर किलोमीटरच्या वस्तूची सावली लातूरवरून सरकत गेली, तर सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आत असलेल्या नांदेडला तिचा पत्ताही लागायचा नाही. म्हणून अशा वेळी गावोगावच्या हौशी निरीक्षकांना बोलावणे जाते. मध्यम आकाराची दुर्बीण, उपग्रहाच्या वेळेशी जुळवलेले अचूक घड्याळ आणि कॅमेरा एवढ्यावर काम भागते, आणि सावलीच्या कडेवरच्या गावातून तारा झाकला गेला नाही ही नोंदसुद्धा तितकीच मोलाची असते. ताऱ्यांच्या जागा आता गाया या युरोपीय उपग्रहाने इतक्या बारकाईने मोजल्या आहेत की सावली कुठल्या तालुक्यावरून जाईल इथपर्यंत आधी सांगता येते.

मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानच्या लघुग्रहांच्या पट्ट्यात २५९६ क्रमांकाचा एक लघुग्रह आहे, त्याचे नाव वेणू बाप्पू. तोही अधूनमधून कुठल्या ना कुठल्या ताऱ्यासमोरून जातो आणि त्याची अरुंद सावली पृथ्वीवरून काही मिनिटांत सरकून जाते.